हाड जुळतं, गादी का नाही? ऊतींचे प्रकार आणि त्यांचे स्वभाव

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या नववीच्या अभ्यासात माणसाच्या शरीरातल्या ऊतींचे, म्हणजे टिश्यूंचे, चार प्रकार आहेत: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. ते पाठ झाले. पण घरात वर्षभरात तीन दुखणी निघाली. आजीचं मनगट मोडलं, ते प्लास्टरमध्ये दीड महिन्यात जुळलं. वडिलांच्या गुडघ्यातली गादी फाटली, ती आपोआप जुळणार नाही असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. आजोबांना अटॅक आला, आणि हृदयाचा जेवढा भाग मेला तेवढा गेलाच, असं सांगण्यात आलं. शरीर एकच, मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? आणि जाता जाता विचारलंय, की गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे, गाठी, अवयव कापून त्यांच्या स्लाइड पाहणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगतो.

पुस्तकातले चार प्रकार बरोबरच आहेत, आम्हीही तेच वापरतो. पण ती वाटणी ऊती दिसते कशी आणि काम काय करते यावरून केलेली आहे. इजा झाल्यावर ती वागेल कशी, हे त्यातून कळत नाही. हाड आणि कूर्चा (गुडघ्यातली गादी हिचीच) दोन्ही संयोजी ऊतीच, तरी एक जुळतं आणि दुसरी नाही. पोटरीचा स्नायू आणि हृदयाचा स्नायू दोन्ही स्नायूच, तरी खेळताना भरलेली पोटरी काही आठवड्यांत ताळ्यावर येते आणि हृदयाचं तसं होत नाही. म्हणून प्रत्येक ऊतीला आणखी तीन प्रश्न विचारायचे. तिच्या पेशी मोठेपणीही विभागतात का? तिला रक्त कुठून मिळतं? आणि पेशींच्या मधल्या जागेत काय भरलंय? तुमच्या घरातल्या तिन्ही दुखण्यांची उत्तरं यातच आहेत.

यातला पहिला प्रश्न जुना आहे. शरीर वेगवेगळ्या ऊतींचं बनलंय ही मांडणी पॅरिसच्या झेवियर बिशानं 1800 च्या सुमारास केली. गंमत म्हणजे त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. मृतदेह उघडून, तुकडे उकळून, वाळवून, आम्लात टाकून त्यानं 21 प्रकार मोजले आणि 1802 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो गेला. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले तसे ते 21 आटून चार झाले. आणि 1894 मध्ये जुलिओ बिझोझेरो या इटालियन पॅथॉलॉजिस्टनं वेगळीच वाटणी सुचवली: ज्यांच्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात त्या ऊती, ज्या एरवी शांत असतात पण गरज पडली की विभागू लागतात त्या, आणि ज्यांच्या पेशी एकदा तयार झाल्या की बहुतेक तेवढ्याच राहतात त्या. रक्तातल्या प्लेटलेट्सचं काम ओळखणारा तो हाच. त्याच्या वाटणीत काही दुरुस्त्या झाल्या, पण व्यवहारात ती अजून चालते. मला विचाराल तर शाळेत चार प्रकारांच्या शेजारी हे तीन गटही शिकवायला हवेत. मुलांना तेच जास्त आवडतील.

आता अभिस्तर ऊती. शरीराचा प्रत्येक पृष्ठभाग, आतला आणि बाहेरचा, हिनं मढवलेला आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांत ती एका पेशीचा, अतिशय पातळ थर असते, कारण तिथे प्राणवायू आरपार जायचा आहे. श्वासनलिकेत तिच्या पेशींना केसल, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म धागे, असतात, ते कफ आणि धूळ घशाकडे ढकलत राहतात. तोंड, अन्ननलिका, त्वचा इथे घर्षण जास्त, म्हणून तिथे थरांवर थर. लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी, यकृत, मूत्रपिंडातल्या नलिका हे सगळं या ऊतीचंच विस्तारलेलं घराणं. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, मधे जागा जवळजवळ नाही, आणि थरात रक्तवाहिन्या नाहीत. खाली एक अगदी पातळ पडदा असतो, त्याला आम्ही बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतो. त्याच्या पलीकडच्या संयोजी ऊतीतल्या रक्तवाहिन्यांतून पाझरून येईल त्यावर हिचं पोषण चालतं.

रक्तवाहिन्या नसूनही ही ऊती सगळ्यात भराभर भरून येते, कारण हिच्या पेशी विभागायचं थांबतच नाहीत. लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो. म्हणून सडकून जुलाब झाले तरी बहुतेकांचं पोट आठवड्यात सुधारतं आणि गुडघ्याला खरचटलं तर डागही राहत नाही. खोल कापलं, म्हणजे अभिस्तर ओलांडून खालच्या संयोजी ऊतीपर्यंत जखम गेली, की मात्र व्रण राहतो. भाजलेल्या रुग्णाला लावण्यासाठी मांडीवरून त्वचेचा पातळ पापुद्रा काढतात, तेव्हा ती मांडीची जागा दोनेक आठवड्यांत आपली आपण भरते. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खोल शिल्लक राहिलेल्या असतात, त्यांच्यातल्या अभिस्तर पेशी वर सरकत येतात आणि उघडा भाग झाकून टाकतात.

केमोथेरपीत केस गळणं, तोंड येणं, जुलाब होणं आणि पांढऱ्या पेशी घटणं हे चौघं एकत्र का येतात, हेही इथेच उलगडतं. बरीच जुनी केमोची औषधं विभागणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी कोणत्या आणि केसांच्या मुळातल्या, आतड्याच्या अस्तरातल्या, अस्थिमज्जेतल्या कोणत्या, हे त्यांना नीट कळत नाही. औषध थांबलं की या तिन्ही ऊती पुन्हा उभ्या राहतात, कारण विभागणं हा त्यांचा स्वभावच आहे.

याच स्वभावाची दुसरी बाजू अशी, की जी ऊती जास्त विभागते तिच्यात चुका व्हायला जास्त वाव असतो. मोठ्या माणसांतले बहुसंख्य कॅन्सर अभिस्तर ऊतीतून निघतात, त्यांना कार्सिनोमा म्हणतात. हाड, स्नायू, चरबी यांतून निघणारे सार्कोमा मोठ्यांमध्ये एकूण कॅन्सरच्या एक टक्क्याच्या आसपास. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘इन सिटू’ असं लिहिलेलं असलं, तर वाईट दिसणाऱ्या पेशी अजून बेसमेंट मेम्ब्रेनच्या अलीकडेच आहेत, असा अर्थ. ‘इन्व्हेसिव्ह’ म्हणजे त्यांनी तो पडदा फोडला. पलीकडे रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या आहेत, आणि पसरायचा रस्ता त्यांच्यातूनच जातो. इतक्या पातळ पडद्यावर उपचाराची सगळी दिशा ठरते, म्हणून स्लाइडवर तिथे नजर रेंगाळते.

आमच्याकडे स्लाइड तयार होते ती अशी. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो, रात्रभर अल्कोहोल आणि झायलीनमधून फिरतो, मेणात बसतो, मग मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. रंग दोन. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं, आणि बाकी जवळजवळ सगळं इओसिननं गुलाबी होतं.

या गुलाबी-जांभळ्यात, मावा किंवा खर्रा खाणाऱ्याच्या गालाच्या आतला तुकडा मला बहुतेक वेळा पहिल्या नजरेत ओळखू येतो. निरोगी गालात वरचा अभिस्तर जाडजूड असतो, त्याची बोटं खाली संयोजी ऊतीत रुतलेली असतात, आणि खालची ऊती सैल, रक्तवाहिन्यांनी भरलेली. सुपारीवाल्याच्या तुकड्यात अभिस्तर पातळ पडलेला, बोटं सपाट, आणि खाली गुलाबी काच ओतावी तसा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा घट्ट पट्टा. त्यात केंद्रकं तुरळक, रक्तवाहिन्या आवळलेल्या, आणि कधीकधी गालाच्या स्नायूचे तंतूही त्यात अडकलेले. सुपारीतली अरेकोलीनसारखी द्रव्यं कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना चेतवतात आणि बनलेलं कोलॅजेन मोडायची यंत्रणा मंदावते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेना होतं, तीन बोटं उभी मावत नाहीत. तंबाखू नसलेल्या ‘साध्या’ सुपारीनंही हे होतं, हे आपल्याकडे अजून लोकांना पटत नाही. सुपारी सोडली की पुढची वाढ थांबू शकते, पण तयार झालेला पट्टा सहसा विरघळत नाही. वरच्या पातळ अभिस्तरात पुढे कॅन्सर होण्याची शक्यताही वाढलेली राहते. एका ऊतीचं दुखणं शेजारच्या ऊतीला कसं भोवतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

संयोजी ऊतीकडे यायला हा पट्टा बरा. अभिस्तरात पेशी खच्चून भरलेल्या, इथे उलटं: पेशी विरळ आणि मधली जागा मोठी. त्या जागेत पेशींनी स्वतः बनवून टाकलेला माल असतो आणि ऊतीचे गुण त्या मालावर ठरतात. मुख्य माल कोलॅजेन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते तीस टक्के एवढं हे एकच प्रथिन. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या स्नायूरज्जूत त्याचे तंतू एकाच दिशेला घट्ट बांधलेले असतात, त्वचेखाली विणलेले असतात. ते पक्कं बनायला क जीवनसत्त्व लागतं. पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, तेव्हा हिरड्यांतून रक्त यायचंच, पण वर्षांपूर्वी भरलेल्या जखमाही पुन्हा उघडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे व्रण हा एकदा लावून संपलेला चिकटा नाही. तिथलं कोलॅजेन झिजतं आणि पुन्हा घातलं जातं. व्रणाची ताकद वाढायलाही वेळ लागतो. आठवड्यानं टाके काढतात तेव्हा त्या जागी मूळ त्वचेच्या फार तर दहा टक्के ताकद आलेली असते. तीनेक महिन्यांत ती सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाते आणि तिथेच थांबते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर बादली उचलू नका, असं सर्जन बजावतात त्यामागे हे गणित आहे.

आता आजीचं मनगट. हाड म्हणजे आरसीसीचं काम: कोलॅजेनच्या सळ्या आणि त्यांच्याभोवती कॅल्शियम-फॉस्फेटचं सिमेंट. फरक इतकाच, की या स्लॅबमध्ये जिवंत पेशी राहतात आणि आरपार रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. हाड बनवणाऱ्या आणि हाड खाणाऱ्या पेशींचं काम आयुष्यभर चालू असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी बदलला जातो. हाड मोडलं की या रक्तवाहिन्या तुटतात आणि तिथे रक्ताची गाठ साकळते. ती निरुपयोगी नसते, दुरुस्तीची सुरुवात तिच्यातूनच होते. हाडाभोवतीच्या पातळ आवरणातून आणि मज्जेतून पेशी येतात, दोनेक आठवड्यांत तंतू आणि कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो, मग त्याचं कच्चं हाड बनतं. पुढचे कित्येक महिने, कधी वर्षं, जादा हाड तासून जुना आकार आणायचं काम चालतं. शेवटी तिथे व्रण राहत नाही, हाडच राहतं. मोठ्या माणसाच्या शरीरात इतकी पूर्ण दुरुस्ती फार थोड्या ऊतींना जमते.

मात्र रक्त तुटलं तर हाडाचीही तीच गत. मनगटातलंच स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड घ्या. त्याला बरंचसं रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं. ते मधोमध मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो, आणि महिनोन् महिने प्लास्टर घालूनही काही वेळा जुळत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड मानेपाशी मोडलं आणि सरकलं, की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जातो. म्हणून अनेकदा तो जोडत न बसता गोळाच बदलतात. आणि ज्यांचं हाड मोडलंय त्यांनी विडी-सिगरेट बंद ठेवावी. त्यानं हाड जुळायला उशीर होतो, हे ऑर्थोपेडिक वॉर्डात जुनंच माहीत आहे.

वडिलांच्या गादीची गोष्ट याच्या उलट. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, ही तंतुमय कूर्चा. तिच्या बाहेरच्या कडेला, साधारण एक तृतीयांश भागात, रक्तवाहिन्या असतात. आतल्या भागात नसतात. फाटलेली जागा बाहेरच्या पट्ट्यात असेल तर टाके घालून ती जुळण्याची आशा असते, विशेषतः तरुणपणी. आतल्या पट्ट्यातली जुळत नाही. म्हणून एमआरआयच्या रिपोर्टवर ‘गादी फाटली’ एवढंच वाचून घाबरू नका. कुठे आणि कशी फाटली, हे विचारा. चाळिशी-पन्नाशीनंतर झिजून फाटलेल्या गाद्यांपैकी बऱ्याच जणांचं व्यायामानं भागतं, प्रत्येकाला दुर्बीण घालावी लागत नाही.

हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत पांढरी कूर्चा तर आणखी एकलकोंडी. गुडघ्यात ती दोन-चार मिलिमीटर जाड, तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत, आणि पेशी इतक्या थोड्या की स्लाइडवर निळसर-गुलाबी मोकळ्या मैदानात एखाददुसरीच दिसते. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की पुन्हा फुगून वंगण शोषते. ‘गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद केलं’ हा उपाय अनेकदा उलटा पडतो तो यामुळेही. चेतातंतू नसल्यानं ती झिजताना कळत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर तक्रार करू लागल्यावर.

ही कूर्चा खरंच बदलत नाही, हे कसं कळलं त्याची कथा मला फार आवडते. 1950 आणि 60 च्या दशकात उघड्यावर झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतलं कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झालं. असे स्फोट थांबवणाऱ्या 1963 च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. झाडांतून, अन्नातून ते त्या काळातल्या प्रत्येकाच्या शरीरात शिरलं. पेशीचा डीएनए किंवा कोलॅजेन ज्या वर्षी बनलं, त्या वर्षीच्या हवेची खूण त्यात राहते. स्वीडनमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटानं या खुणेवरून पेशींची वयं काढली. हृदयाच्या स्नायुपेशी पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी, असं त्यांनी 2009 मध्ये दाखवलं. चरबीच्या पेशी वर्षाला साधारण दहा टक्के. गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन याच पद्धतीनं दुसऱ्या संशोधकांनी तपासलं, तर ते वाढीच्या वयातच घातलेलं आणि पुढे जवळपास जसंच्या तसं निघालं. जगाला घाबरवणाऱ्या स्फोटांतून माणसाच्या ऊतींची जन्मतारीख कळावी, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

रक्तही संयोजी ऊतीतच मोजतात, त्यातला माल द्रव आहे इतकंच. तांबड्या पेशीचं आयुष्य 120 दिवसांचं, प्लेटलेट्सचं आठ-दहा दिवसांचं, आणि मज्जा ही भर अखंड घालत असते. चरबीवर वेगळं बोलत नाही. ती नुसता साठा नसून संप्रेरकं सोडणारी ऊती आहे, एवढं पुरे.

आता आजोबांचं हृदय. स्नायू ऊती तीन तऱ्हेची. हातापायांच्या स्नायूंत लांबच लांब तंतू, प्रत्येकात अनेक केंद्रकं कडेला, आडवे पट्टे. आकुंचनासाठी तर ऊर्जा लागतेच, पण आवळलेले तंतू सोडवायलाही एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, लागतो. मृत्यूनंतर तो संपतो म्हणून शरीर ताठरतं, आणि पुढे ऊती कुजू लागल्या की सैल पडतं. या तंतूंच्या कडेला काही राखीव पेशी झोपलेल्या असतात, त्या 1961 मध्ये लक्षात आल्या. स्नायू भरला, थोडा फाटला, की त्या जाग्या होऊन नवे तंतू घडवतात. पोटरी सुधारते ती त्यांच्यामुळे.

हृदयाच्या स्नायूत असा कामापुरताही राखीव साठा नाही. त्याच्या पेशी फांद्या फुटलेल्या, एकमेकींना खास सांध्यांनी जोडलेल्या, म्हणून विजेचा इशारा एकीकडून दुसरीकडे क्षणात जातो आणि दिवसाला लाखभर ठोके पडतात. रक्तवाहिनी बंद झाली की वीस-तीस मिनिटांनंतर पेशी मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत मरणारा भाग वाढत जातो. छातीत दुखल्यावर ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ म्हणून काढलेली रात्र म्हणजे हे तास.

पोस्टमॉर्टेममध्ये अशी हृदयं कापताना अटॅकचं वय नुसत्या डोळ्यांनीही अंदाजता येतं. पहिले काही तास काहीच दिसत नाही. दिवसाच्या आसपास तो भाग गडद, डागाळलेला दिसतो. तीन दिवस ते आठवडा या काळात पिवळट, मऊ, भोवती लाल कड. सूक्ष्मदर्शकाखाली या वेळी भक्षक पेशी मेलेला स्नायू उचलून नेत असतात. जुना माल उचलला गेलेला आणि नवं कोलॅजेन अजून बसलेलं नाही, म्हणून भिंत सगळ्यात कच्ची ती याच दिवसांत, आणि हृदयाची भिंत फुटण्याचा विरळा पण जीवघेणा प्रकार बहुधा पहिल्या आठवड्यातच घडतो. नेमकं तेव्हाच रुग्णाला बरं वाटायला लागलेलं असतं, भेटायला येणाऱ्यांशी तो गप्पा मारत असतो. सहा-आठ आठवड्यांत तिथे पांढरा, चिवट व्रण तयार होतो. तो फाटत नाही, पण ठोक्याबरोबर आकसतही नाही आणि वीजही नीट वाहून नेत नाही. उरलेला स्नायू जाड होऊन काम भागवतो. आजोबांच्या गोळ्यांतल्या काही त्या उरलेल्या स्नायूवरचा ताण कमी करण्यासाठीच असतात, म्हणून बरं वाटलं तरी त्या मनानं बंद करायच्या नाहीत.

तिसरा, पट्टे नसलेला अनैच्छिक स्नायू आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भिंतींत असतो. याच्या पेशी मोठ्या होऊ शकतात आणि विभागूही शकतात: साठ-सत्तर ग्रॅमचं गर्भाशय नऊ महिन्यांत किलोभराचं होतं आणि बाळंतपणानंतर दीडएक महिन्यात जवळपास पूर्ववत होतं. गर्भपिशवीतले फायब्रॉइड या स्नायूच्याच गाठी. सुरी फिरवली की पांढऱ्या, टणक, भोवऱ्यासारखी वळणं असलेल्या दिसतात. त्यांच्यातून कॅन्सर निघणं फार दुर्मिळ. ‘गाठ’ हा शब्द ऐकून बायका रात्र-रात्र जागतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चेता ऊतीबद्दल थोडक्यात. मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी, आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी जवळपास तेवढ्याच. चेतापेशी सहसा पुन्हा विभागत नाहीत, म्हणून मोठ्यांच्या मेंदूतले ट्यूमर बहुतेक ग्लियाचे, मेंदूच्या आवरणांचे किंवा दुसरीकडून पसरून आलेले असतात. मेंदूचा मेलेला भाग व्रणानं भरत नाही, तो विरघळून तिथे पोकळी राहते. पक्षाघातानंतर सुधारणा होते ती बरीचशी उरलेल्या जोडण्यांनी काम वाटून घेतल्यामुळे, आणि फिजिओथेरपीनं त्यालाच बळ मिळतं. हातापायांतल्या नसांचं बरं आहे. पेशी शाबूत असेल तर तुटलेला तंतू जुन्या आवरणातून दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापाशी कापलेली नस जोडल्यावर बोटाच्या टोकाला जाणीव यायला सहा महिने लागले तर तो उशीर नाही. नस किती पुढे सरकली हे डॉक्टर त्वचेवर हलकी टिचकी मारत पाहतात. जिथे झिणझिणी येते तिथवर ती पोचलेली असते.

मधल्या गटातलं, म्हणजे एरवी शांत पण वेळ आली की विभागणारं, यकृत. दात्याच्या यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलं काही महिन्यांत जवळपास मूळ आकारमानाला येतं. पण दारू किंवा कावीळ ब-क यांनी वर्षानुवर्षं इजा होत राहिली, की यकृतपेशी विभागत असतानाच मधे व्रणाच्या भिंती उभ्या राहतात आणि रक्ताचे रस्ते मोडतात. सिरॉसिसमध्ये पेशी नसतात असं नाही. पेशी असतात, मांडणी गेलेली असते.

राहता राहिला इंजेक्शनचा प्रश्न. आधी नावं वेगळी करा. पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचा अर्क, ते स्टेम सेल नव्हे. त्यानं काहींच्या गुडघेदुखीला काही महिने आराम पडतो, गादी किंवा मूळची कूर्चा नव्यानं उगवत नाही. हाडाला बारीक छिद्रं पाडून मज्जेतल्या पेशींना कूर्चा बनवायला लावायची शस्त्रक्रियाही आहे, पण तीतून बहुधा तंतुमय कूर्चा येते, मूळची गुळगुळीत नव्हे. स्टेम सेलबाबत आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट होत्या: रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं मज्जारोपण हा मान्य उपचार, बाकी वापर चाचणीपुरता. त्यानंतर मोजक्या पेशी-उत्पादनांना केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आहे, गुडघ्याच्या झिजेसाठीही. पण परवानगी ठराविक उत्पादनाला, ठराविक आजारासाठी असते. ती ‘आमच्याकडे स्टेम सेल देतात’ या पाटीला लागू होत नाही, आणि फाटलेली गादी म्हणजे झिजेचा संधिवात नव्हे. तेव्हा उत्पादनाचं नाव, ते कोणत्या आजारासाठी मंजूर आहे आणि तुमच्या घरचं निदान तेच आहे का, हे लेखी मागा. चाचणीत घेतोय असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. आणि चाचणी म्हणून पेशी देताना रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात, हे त्यांनाही ठाऊक असतं.